व्हाइटवॉल टायरवरचे डाग: पांढरा पट्टा तपकिरी का पडतो आणि तो उजळायचा कसा

ॲम्बेसेडर असो, पद्मिनी असो की पन्नाशी उलटलेली एखादी परदेशी गाडी, टायरचा पांढरा पट्टा तपकिरी पडला की पहिला हात जातो तो भांड्यांच्या तारेच्या घासणीकडे, नाहीतर पेट्रोलच्या बाटलीकडे. घासणीनं पट्टा त्या दिवशी उजळतो. पेट्रोलनं तर पाच मिनिटांत. मग हळूहळू तोच तपकिरी रंग परत येतो आणि पेट्रोल वापरलं असेल तर आधीपेक्षा गडद येतो. हा रंग रस्त्यावरून आलेला नसतो, टायरच्या पोटातून वर आलेला असतो. त्यामुळे डाग कुठून आलाय हे आधी ठरवायचं आणि मग ब्रश हातात घ्यायचा. घासण्याच्या प्रत्येक फेरीत पांढरं रबर थोडं थोडं जातं आणि ते पुन्हा भरून येत नाही, हेही ध्यानात ठेवा.

पट्ट्याच्या आत काय असतं

रबर मुळात काळं नसतं. अगदी सुरुवातीचे टायर फिकट रंगाचे, झिंक ऑक्साइड घातलेले असायचे. झीज कमी व्हावी म्हणून पुढे रबरात कार्बन ब्लॅक, म्हणजे बारीक काजळी मिसळायला लागले आणि टायर काळा झाला. पांढऱ्या पट्ट्याच्या टायरमध्ये साइडवॉलच्या, म्हणजे टायरच्या उभ्या बाजूच्या, काळ्या रबरात पांढऱ्या रबराचा एक थर बसवलेला असतो. साच्यातून निघताना त्यावर काळ्या रबराची पातळ साल असते. कारखान्यात टायर फिरवत ती साल घासून काढतात आणि खालचं पांढरं उघडं पडतं. पट्ट्यावरून नख आडवं ओढलं तर त्या घासण्याच्या बारीक गोल रेघा बोटाला जाणवतात. मळ बसतो तो याच रेघांमध्ये. म्हणून ब्रश नेहमी टायरच्या घेराच्या दिशेनं फिरवायचा. आडवा मारला तर मळ रेघांच्या कडांवर आपटून आत दाबला जातो, बाहेर येत नाही.

आता तपकिरी रंगाचं. हवेतला ओझोन ताणाखालच्या रबराला चिरा पाडतो. ते रोखायला काळ्या रबरात अँटिओझोनंट आणि मेण घालतात. ही द्रव्यं हळूहळू पृष्ठभागावर येत राहतात, कारण वर येऊन ओझोनला अडवणं हेच त्यांचं काम. अडवता अडवता ती स्वतः तपकिरी होतात. काळ्या भागावर ते लक्षात येत नाही, पण बरेच महिने उन्हात उभ्या असलेल्या गाडीचा साधा काळा टायर नीट बघा, तो चॉकलेटी दिसेल. चांगल्या व्हाइटवॉलमध्ये पांढऱ्या थराचं रबर डाग न सोडणाऱ्या मिश्रणाचं असतं आणि त्याच्या मागेही तसाच अडवणारा थर असतो. तरी शेजारच्या काळ्यातून थोडं झिरपतंच. अडवणारा थरच नसेल, म्हणजे साध्या काळ्या टायरवर नंतर पांढरं रबर चढवलेलं असेल, तर टायर एका उन्हाळ्यात पिवळा पडला तरी नवल नाही.

मराठवाड्यात यात तीन गोष्टींची भर पडते. चाळिशीच्या पुढचा एप्रिल-मे, चिकट काळी माती आणि बोअरचं क्षारांचं पाणी. तिसरीकडे सगळ्यात कमी लक्ष जातं, म्हणून तिच्यावर पुढे वेगळं लिहिलं आहे.

डाग कुठला, हे कसं ओळखाल

आधी एक पांढरं सुती फडकं साध्या पाण्यात भिजवून पट्ट्यावर बोटभर जागेत घासा. काळपट निघालं तर धूळ-माती, साबणानं जाईल. काहीच निघालं नाही तर दुसऱ्या जागी भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब घेऊन घासा. तरीही नाही, तर कापसाच्या बोळ्यावर थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या (मेडिकलमध्ये किंवा मोबाइल दुरुस्तीचं सामान विकणाऱ्याकडे मिळतं) आणि रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेवर पुसा. बोळा पिवळसर-तपकिरी झाला तर ते वर आलेलं अँटिओझोनंट आहे किंवा कुणीतरी लावलेलं टायर पॉलिश. बोळा कोराच राहिला आणि पट्टाही पिवळाच राहिला, तर रंग रबरात मुरलाय. त्याला शेवटचा उपाय लागेल.

डागाचा आकारही बरंच सांगतो. गाडीच्या उन्हाकडच्या दोन चाकांचेच पट्टे सारखे तपकिरी दिसत असतील तर ऊन आणि अँटिओझोनंट. पिवळेपणा फक्त काळ्या किनारीला लागून असेल तर पॉलिश. रिमच्या कडेला गंजाच्या रंगाची गोल रेघ दिसली तर लोखंडी रिमचा रंग उडून आतून गंज उतरतोय. तिथे पट्टा कितीही पुसा, रिम घासून रंगवल्याशिवाय रेघ जाणार नाही.

रिमच्या भोकांतून बाहेरच्या बाजूला, सायकलच्या आऱ्यांसारखे तेलकट ओघळ पसरलेले दिसले तर मात्र ब्रश खाली ठेवा. ते ग्रीस, ब्रेक ऑइल किंवा मागच्या चाकाला ॲक्सलचं ऑइल असतं. सील गेलेलं असण्याची शक्यता मोठी आणि तेच तेल आत ब्रेकच्या लायनरवरही गेलेलं असू शकतं. गाडी आधी मिस्त्रीला दाखवा, ड्रम उघडायला लावा. पट्टा चार दिवस मळका राहिला तर काही बिघडत नाही.

पट्टा खरा पांढऱ्या रबराचा आहे की वरून रंगवलेला, हेही याच वेळी बघून घ्या. रंगवलेल्या पट्ट्याच्या काळ्या किनारीवर कुठेतरी ब्रशचा किंवा स्प्रेचा पांढरा शिंतोडा असतो आणि वाकणाऱ्या भागात बारीक पोपडे असतात. असा पट्टा फक्त साबणानं धुवायचा. खाली लिहिलेली स्टील वूल (लोखंडी तारांचा लोकरीसारखा बोळा) आणि वॉटर पेपर (ओला करून वापरायचा घासकागद) त्याच्यासाठी नाहीत.

पाणी

बोअरच्या जड पाण्यात साबणाचा फेस येत नाही. त्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमशी साबण जुळतो आणि चिकट पांढरी साय बनते, ती पट्ट्याच्या रेघांमध्ये बसते. ओलं असताना पट्टा झकास दिसतो आणि वाळल्यावर राखाडी. मग माणूस पुन्हा घासतो, आणि दोष ब्रशला देतो. साबणाच्या वडीनं हे जास्त होतं, लिक्विड डिटर्जंटनं कमी.

म्हणून या कामाला मऊ पाणी घ्या. पावसाळ्यात छतावरून धरलेलं पाणी उत्तम. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणीही चालतं, त्यात क्षार जवळजवळ नसतात. ते नसेल तर वीस लिटरचा एक जार पुरतो, कसा ते पुढे हिशोबात येईलच. कूलरच्या टाकीत उरलेलं पाणी मात्र घेऊ नका. पाणी उडून जातं, क्षार टाकीतच राहतात, त्यामुळे ते बोअरच्या पाण्याहूनही जड झालेलं असतं. आरओच्या मशीनमधून बाहेर टाकलं जाणारं पाणीही तसंच.

पट्ट्यावर क्षारांची साय आधीच बसली असेल तर एक लिटर पाण्यात 10 ग्रॅम लिंबूसत्त्व (सायट्रिक ॲसिड) विरघळवा, फडक्यानं पट्ट्यावर लावा, दोन मिनिटांनी भरपूर पाण्यानं धुवा. हेच पाणी गंजाच्या फिकट रेघेवरही चालतं, तिथे पाच मिनिटं ठेवा. क्रोमच्या व्हील कॅपवर वाळू देऊ नका. आणि लिंबूसत्त्वाचं पाणी ब्लीचिंगच्या पाण्यात कधीही मिसळू नका, क्लोरीनचा विषारी वायू सुटतो.

नेहमीची धुलाई

वेळ सकाळी आठच्या आत, जागा सावलीची. टायर हाताला गार लागला पाहिजे. गरम रबरावर साबण मिनिटात वाळतो आणि स्वतःचाच डाग सोडतो. चार चाकांना लागणारं सामान: कपड्यांचा नायलॉन ब्रश, जुना टूथब्रश, मायक्रोफायबरची चार फडकी, रबरी हातमोजे, रिमच्या कडेला लावायला मास्किंग टेप, भांड्यांचं लिक्विड आणि धुण्याचा सोडा. हा सोडा म्हणजे सोडियम कार्बोनेट, किराणा दुकानात मिळतो. खायचा सोडा वेगळा, तो इथे फार उपयोगाचा नाही.

एका भांड्यात दोन लिटर कोमट पाणी आणि लिक्विडचे दोन छोटे चमचे. दुसऱ्यात एक लिटर कोमट पाणी आणि धुण्याच्या सोड्याचा एक मोठा चमचा, साधारण 20 ग्रॅम. उरलेल्या पाण्यातून दर चाकाला चार लिटर धुवायला. म्हणजे दोन, एक आणि सोळा मिळून एकोणीस लिटर, एका जारमध्ये बसतं.

1. काळ्या मातीचे वाळलेले गोळे लाकडाच्या चपट्या काडीनं आधी उडवून टाका. ही माती पाणी पिऊन फुगते आणि चिकटते. गोळ्यांसकट ओली केली तर तिचा रबडा पट्टाभर पसरतो.

2. उरलेल्या मातीवर ओलं फडकं गुंडाळून दहा मिनिटं राहू द्या. मग पाण्यानं ओघळू द्या. या पायरीला घासायचं नाही.

3. साबणाच्या पाण्यात ब्रश बुडवून टायरचा काळा भाग आधी धुवा आणि पांढरा त्यानंतर. बहुतेक जण उलटं करतात. मग काळ्यावरून निघालेलं तपकिरी पाणी स्वच्छ पट्ट्यावरून उतरतं. काळा भाग धुताना फेस चहाच्या रंगाचा येईल, तो पांढरा होईपर्यंत धुवा. पट्टा पुन्हा लवकर पिवळा पडू नये यासाठी याहून मोठा उपाय नाही.

4. पट्टा घेराच्या दिशेनं घासा, एका वेळी चाकाचा पाव भाग. काळ्या-पांढऱ्याच्या सांध्यावर टूथब्रश चालवा.

5. लगेच धुवा. तपकिरी झाक उरली असेल तर सोड्याचं पाणी लावा, एक ते दोन मिनिटं थांबा, ओलं असतानाच घासा आणि पुन्हा धुवा. सोडा ॲल्युमिनियमला काळपट करतो, म्हणून तशा रिमला टेप आधी लावा.

6. फडक्यानं कोरडं पुसा. पाणी आपोआप वाळू दिलं तर क्षारांचे थेंब उमटतात.

7. गाडी अर्ध्या चाकाएवढी पुढे ढकला आणि खाली दबलेला भाग करा. हे विसरलं तर प्रत्येक चाकावर एक मळका घास उरतो.

साध्या मळाला चाकामागे दहा-पंधरा मिनिटं पुरतात. वॉशिंग सेंटरला गाडी दिली असेल तर दोन गोष्टी आधीच बजावून सांगा. खालून डिझेल मारायचं नाही, आणि टायरला पॉलिश लावायचं नाही. प्रेशरचा पाइप चाकापासून दीड-दोन फूट लांब. चिरांवर आणि पांढऱ्या-काळ्याच्या सांध्यावर जवळून मारला तर सांधा उचलू शकतो.

साबणानं न गेलेला तपकिरी रंग

इथून पुढचं प्रत्येक साधन आधीच्यापेक्षा जास्त रबर खातं. एकेक पायरी चढा आणि पट्टा पुरेसा पांढरा दिसला की थांबा. साठ वर्षांच्या गाडीला दुधासारखा पट्टा शोभतोच असं नाही, थोडा सायीच्या रंगाचा राहिला तर तो उलट खरा वाटतो.

पहिली पायरी अल्कोहोल. कापसावर किंवा फडक्यावर घेऊन पुसा, दर दोन पुसण्यांनी फडक्याची बाजू बदला, नाहीतर निघालेला रंग पुढे सारवला जातो. टायरवर थेट ओतू नका, आसपास विडी-सिगारेट नको.

दुसरी, मेलामाइनचा पांढरा स्पंज. बाजारात तो मॅजिक इरेझर म्हणून मिळतो. दिसायला मऊ असला तरी काम बारीक वॉटर पेपरचं करतो. ओला करून हलक्या हातानं फिरवा, स्वतःच झिजून तो संपतो. कट्ट्याला घासून आलेले काळे ओरखडे यानं बहुतेक जातात.

तिसरी, बारीक स्टील वूल, 0000 नंबरची, लाकडी पॉलिशचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळते. साबणाच्या पाण्यात भिजवून, चार बोटांच्या दाबानं. भांड्यांची वेटोळ्यांची स्टीलची घासणी या कामाची नाही. तिच्या कडा रबर ओरबाडतात आणि त्या खोल ओरखड्यांत पुढचा मळ कायमचा मुक्काम करतो. स्टील वूल वापरल्यावर एक काम चुकवू नका. तिचे केसाएवढे तुकडे पट्ट्याच्या रेघांत आणि रिमच्या कडेला अडकून राहतात. दोन दिवसांत ते गंजतात आणि पट्ट्यावर केशरी ठिपके उठतात, मग नवीनच डाग म्हणून ते पुन्हा घासले जातात. भरपूर पाण्यानं धुवा आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं एक लोहचुंबक रिमच्या कडेनं फिरवा, किती तुकडे निघतात ते दिसेल. क्रोमच्या कॅपला स्टील वूल लागू देऊ नका. कॅप काढूनच काम करा.

रंग मुरलेला असेल तर घासण्याआधी ऑक्सिजन ब्लीच पावडर (सोडियम परकार्बोनेट) करून बघता येते. दोन मोठे चमचे पावडर, कोमट पाणी, घट्टसर लेप. चाक काढून पांढरी बाजू वर करून आडवं ठेवा, लेप फक्त पांढऱ्यावर लावा, वर प्लॅस्टिकचा कागद टाका म्हणजे वाळणार नाही, सावलीत अर्धा तास. मग धुवा. काही पट्टे यानं चांगले उजळतात, काही जागचे हलत नाहीत. दोनदा करून फरक पडला नाही तर तिसऱ्यांदा करू नका. ऑक्सिजन ब्लीच रबरालाही थोडं थोडं म्हातारं करतं.

शेवटचा उपाय वॉटर पेपर. 320 नंबरनं सुरुवात, 400 नं पुढे, 600 नं शेवट. कागद छोट्या रबरी ठोकळ्यावर गुंडाळा म्हणजे बोटांचे खड्डे पडणार नाहीत, आणि कागद व पट्टा दोन्ही साबणाच्या पाण्यानं सतत ओले ठेवा. घेराच्या दिशेनं दहा हात मारले की धुवा आणि बघा. पांढऱ्याखालून कुठे राखाडी झाक दिसायला लागली तर थांबा, खालचा काळा थर जवळ आलाय. तो उघडा पडला की त्याला उपाय नाही. 320 वरच काम सोडून दिलं तर खरबरीत पृष्ठभाग आठ दिवसांत धूळ धरतो, म्हणून 600 चा हात टाळू नका. ड्रिल मशीनला डिस्क लावून हे करायच्या भानगडीत पडू नका. रबर तापून चिकट होतं, आणि एका जागी खड्डा पडायला दोन सेकंद लागतात.

हळद, कुंकू, गुलाल

परदेशातल्या मार्गदर्शकांत हे सापडत नाही, आणि आपल्याकडे दर दसऱ्याला गाडीपुढे हाच प्रश्न उभा राहतो. खंडेनवमीला किंवा दसऱ्याला गाडीची पूजा होते, चाकाला हळदी-कुंकवाची बोटं ओढतात, खाली लिंबू ठेवून गाडी पुढे घेतात. दुसऱ्या दिवशी साबण लावला की पिवळी बोटं लालभडक होतात आणि घरात एकच गोंधळ उडतो.

यात काही बिघडलेलं नसतं. हळदीतलं कर्क्युमिन साबण-सोड्यासारख्या अल्कलीत लाल होतं, पाण्यानं धुऊन जरा लिंबू लावलं की परत पिवळं. तरी हळदीवर साबण आधी नको. कोरडी पूड मऊ ब्रशनं झटका, साध्या पाण्यानं धुवा, मग अल्कोहोलच्या बोळ्यानं पुसा, कारण कर्क्युमिन पाण्यात फारसं विरघळत नाही, अल्कोहोलमध्ये विरघळतं. उरलेली पिवळी झाक उन्हावर सोपवा. कर्क्युमिन उन्हानं उडतं, दोन-चार दिवस सकाळचं ऊन लागलं की पुरे.

कुंकू आणि गुलालाचं उलट आहे. बाजारातल्या बहुतेक कुंकवात आणि गुलालात कृत्रिम रंग असतो, त्याला ऊन लवकर उडवत नाही. वरातीहून गाडी आली की पाणी लावायच्या आधी ब्लोअरनं किंवा कोरड्या ब्रशनं पट्ट्यावरची पूड पूर्ण काढा. पूड पाण्यात भिजली की रंग सुटतो आणि रेघांत शिरतो. नंतर अल्कोहोल, नंतर साबण. सगळ्यात सोपं म्हणजे कुंकवाची बोटं बॉनेटवर किंवा टायरच्या काळ्या नक्षीवर ओढा आणि पूजेपुरता पांढऱ्या पट्ट्यावर कागदाचा गोल चिकटवून ठेवा. घरची मोठी माणसं याला हरकत घेत नाहीत, आधी सांगितलं म्हणजे झालं.

डांबर आणि पानाची पिंक

मे महिन्यात रस्त्याचं डांबर मऊ होऊन पट्ट्यावर चिकटतं. राकेल नको. पिशवीत बर्फ घेऊन ठिपक्यावर पाच मिनिटं धरा, डांबर कडक झालं की लाकडी काडीनं टकटक करून उडवा. उरलेल्या काळ्या झाकीवर खोबरेल तेलाचा थेंब चोळा, मिनिटभरानं लिक्विड साबणानं तेलासकट धुऊन टाका. तेल तसंच राहू दिलं तर धूळ धरेल.

कुणी पान खाऊन थुंकलं असेल तर त्या डागाला स्टील वूल लावू नका. काथातलं टॅनिन लोखंडाशी जुळून हिरवट-काळं होतं आणि लाल डागाचा काळा होतो. साबण, मग अल्कोहोल, मग स्पंज. एवढंच.

पेट्रोल, थिनर, पॉलिश आणि क्लोरीन

पेट्रोल, थिनर, राकेल, डिझेल ही सगळी रबरात शिरतात आणि ते फुगवतात. शिरताना आतलं अँटिओझोनंट आणि मेण विरघळवतात आणि उडून जाताना ते वर आणून ठेवतात. डाग जास्त गडद होऊन परत येतो तो यामुळे. शिवाय मेण गेल्यावर रबर लवकर चिरतं.

चकचकीत दिसणारी टायर पॉलिशं सिलिकॉन तेलाची असतात आणि स्वस्तातल्या पॉलिशमध्ये ते तेल पेट्रोलजन्य द्रावणात घातलेलं असतं. ती काळ्या भागाला लावली तरी पट्ट्यावर सरकतात, धूळ धरतात, उन्हात पिवळी पडतात. काळ्या भागाला काही लावायचंच असेल तर पाण्यात मिसळलेलं, पांढरट दुधाळ ड्रेसिंग घ्या. स्पंजवर थोडंसं घेऊन लावा, पट्ट्याच्या बोटभर अलीकडे थांबा, दहा मिनिटांनी जास्तीचं पुसून टाका. रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीवर कुठलंच ड्रेसिंग नको, चाक घसरेल. पट्ट्याला काहीच लावायचं नाही.

कपड्यांच्या क्लोरीन ब्लीचनं पट्टा तेवढ्यापुरता उजळतो, पण रबर कोरडं पडतं आणि पुढे पिवळसर होतं. लोखंडी रिमचा गंजही त्यानं वाढतो.

नवा टायर आला असेल तर

नव्या व्हाइटवॉलवर निळा किंवा हिरवट लेप असतो. वाहतुकीत काळ्याचा डाग पांढऱ्यावर पडू नये म्हणून तो लावलेला असतो आणि पाण्यात विरघळतो. टायर चढवेपर्यंत लेप तसाच असू द्या, टायरवाल्याचे ग्रीसचे हात त्याच्यावरच पडू देत. चढवून झालं की त्याच दिवशी धुवा. पट्टा आधी पाण्यानं पूर्ण भिजवा, पाच मिनिटं थांबा, मग साबण आणि मऊ ब्रश. कोरड्या लेपावर ब्रश मारला तर निळा रंग रेघांत शिरतो. लेपासकट गाडी दोन-चार दिवस उन्हात उभी राहिली तर तो भाजून बसतो आणि काढायला मग स्टील वूलच लागते.

टायर चढवताना पहारीला फडकं गुंडाळायला लावा आणि ग्रीस किंवा इंजिन ऑइलऐवजी साबणाचं पाणी किंवा टायर पेस्ट वापरायला सांगा. ॲम्बेसेडरला 5.90-15 आणि पद्मिनीला 5.20-14 हे मूळ बायस टायरचे, म्हणजे आतले धागे तिरपे घातलेल्या जुन्या पद्धतीच्या टायरचे माप. या मापांत व्हाइटवॉल घेताना साइडवॉलवरचे शेवटचे चार आकडे वाचा. 3519 म्हणजे 2019 सालचा पस्तिसावा आठवडा. गोडाऊनमध्ये पडून राहिलेला ‘नवा’ टायर सहा-सात वर्षांचा निघू शकतो.

पट्ट्यात नख अडकेल एवढ्या चिरा असतील तर साफसफाईवर पैसे घालवू नका. चिरेत गेलेला मळ निघत नाही, आणि चिरा तिथे आहेत म्हणजे काळ्या रबरातही असणार. दहा वर्षांवरच्या टायरवर, नक्षी कितीही भरलेली असली तरी, माणसं बसवून गाडी हायवेला घालू नये.

रंग आणि फ्लॅप

घराचा ऑइलपेंट पट्ट्याला लावला तर तो टिकत नाही. साइडवॉल चाकाच्या प्रत्येक फेरीत वाकते, रंग वाकत नाही आणि पोपडे धरतो. रबरासाठी बनवलेला लवचीक रंग मिळतो. तो लावायचा तर पट्टा आधी 320 नं घासा, अल्कोहोलनं दोनदा पुसा, पातळ दोन-तीन हात द्या आणि दर हातानंतर डब्यावर लिहिलेला वेळ वाळू द्या. तरी खालचा तपकिरी रंग काही महिन्यांत वर दिसायला लागतो. एखाद्या समारंभापुरतं ठीक.

टायर आणि रिमच्या मध्ये अडकवायचे पांढरे रबरी फ्लॅप हा दुसरा मार्ग. ते ट्यूबच्या बायस टायरवर आणि कमी वेगातच बरे. वेगात कडा फडफडते, मागे वाळू आणि काळी माती शिरते आणि कानसीसारखी साइडवॉल घासत राहते. आजच्या बहुतेक गाड्यांना असतात त्या रेडियल टायरची साइडवॉल पातळ असते, तिच्यावर हे फ्लॅप नकोतच. बसवले असतील तर दर दोन महिन्यांनी एक चाक उतरवून फ्लॅपमागचं रबर तपासा.

गाडी उभी असताना

जुलै 2021 मध्ये केंद्रानं 50 वर्षांवरच्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणीचा नियम आणला. अशी नोंदणी केलेली गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला रस्त्यावर आणता येत नाही, त्यामुळे ती बहुतेक काळ उभीच असते. आणि उभा टायर चालत्या टायरपेक्षा लवकर चिरतो, कारण रबर वाकलं की मेण वर यायला मदत होते. महिन्यातून एकदा आवारात का होईना पाच-सहा किलोमीटर फिरवा. तेही जमत नसेल तर जॅकस्टँडवर घेऊन टायरवरचा भार काढा.

गॅरेजमध्ये ग्राइंडर किंवा वेल्डिंग मशीन चालत असेल तर गाडी तिथे नको. ब्रशच्या मोटरीतल्या ठिणग्या आणि वेल्डिंगची आर्क ओझोन बनवतात. चाकांवर सुती चादरीचं झाकण घाला, प्लॅस्टिकचं नको, त्याखाली घाम धरतो. चाकाला अडवायला काळ्या रबराचे ठोकळे वापरत असाल तर ते पट्ट्याला टेकणार नाहीत असे ठेवा, लाकडाचे असले तर प्रश्नच नाही. काळं रबर पांढऱ्याला महिनाभर चिकटून राहिलं की त्याचा ठसा उमटतो.

काढून ठेवलेले टायर एकावर एक रचताना पांढऱ्याला पांढरं आणि काळ्याला काळं असे तोंडाला तोंड लावा, प्रत्येक जोडीमध्ये साधा कोरा कागद घाला. वर्तमानपत्र नको, शाई उतरते.